पळता न येणाऱ्यांचे थरारपट

८ मार्च २०२५, शनिवार. होळी, वसई

रात्री 'अग्ली' लावला. पूर्ण पाहायचा होता, पण पोलीस ठाण्याच्या प्रसंगापाशी अडकले. तो संपला की मागे न्यायचा आणि परत पाहायचा, असंच चाललं.

मुलगी गाडीतून नाहीशी झाली आहे. तिचा बाप राहुल (राहुल भट) आणि त्याचा कास्टिंगचं काम करणारा मित्र चैतन्य (विनीत कुमार सिंग) धापा टाकत तक्रार द्यायला आलेत. समोर इन्स्पेक्टर जाधव, म्हणजे आपले गिरीश कुलकर्णी. मुलगी कुठून गेली, अंगावर कपडे कोणते, हे सगळं राहतं बाजूला. साहेबांना भलताच प्रश्न पडलाय: फोन आला की मोबाइलवर त्या माणसाचा फोटो कसा काय दिसतो? मग तो फोटो लावतात कसा, हे समोरच्यांनी समजावून सांगायचं. सांगितलं की पुढची शंका तयार. जाधव आवाज चढवत नाही, टेबलावर हात आपटत नाही. त्याला खरोखरच कुतूहल आहे, आणि त्या कुतूहलाची त्याला मजाही वाटते आहे.

बाहेर एक लहान मुलगी मिनिटामिनिटाने लांब चालली आहे आणि हा माणूस खुर्चीतून उठत नाही. माझ्या पोटात गोळा आला तो इथे. त्याआधी चित्रपटात पळापळ होऊन गेलेली आहे, एक माणूस गाडीखाली गेलेला आहे. पण घाम फुटला तो बसलेल्या माणसाने.

अनुराग कश्यपने या चित्रपटात नटांना पूर्ण पटकथा दिलेली नव्हती, असं त्यातल्या नटांनीच सांगितलंय. त्या प्रसंगात ते कळतं. राहुल आणि चैतन्य यांना पुढचा प्रश्न काय येणार याचा पत्ता नाही, तसा आपल्यालाही नाही. गिरीश कुलकर्णी हे 'वळू', 'विहीर', 'देऊळ' लिहिणारे. लेखकाच्या कानाला माहीत असतं की सामान्य माणूस मुद्द्यावर कधीच सरळ येत नाही. त्या वाकड्या वाटेने चालण्यातच त्यांनी जाधवचा सगळा अधिकार बसवलाय. 'देऊळ'साठी त्यांना अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते योग्यच. पण कुणी विचारलं तर मी आधी हा ठाण्यातला जाधव दाखवीन.

'अग्ली' २०१३ मध्ये कानच्या डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये दाखवला गेला आणि आपल्याकडे थिएटरात लागला तो २६ डिसेंबर २०१४ ला. मधला काळ धूम्रपानाच्या पाटीवरून कोर्टकचेरीत गेला. म्हणजे चित्रपटालाही एक जाधव भेटला होता म्हणायचा.

९ मार्च, रविवार

दुपारी भाचा आणि त्याची मित्रमंडळी आली. त्यांना लघुपट करायचाय, थ्रिलर. गोष्ट काय, तर वसईच्या किल्ल्यात रात्रीचा पाठलाग. एक मुलगा पुढे पळतो, तिघे मागे. कुठलीशी पिशवी आहे, तिच्यात काय आहे ते अजून ठरायचंय.

मी म्हटलं, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, परवानगी लागते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर मिळत नाही. त्यावर तयार उत्तर: "मावशी, कोल्डप्लेला मिळाली होती की!" ते 'हिम फॉर द वीकेंड' अजून आमच्या गावाच्या डोक्यातून उतरलेलं नाही. त्या गाण्यात आपला किल्ला किती क्षण दिसतो हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे.

तासभर बोलणं झालं. गिंबल कुणाकडून आणायचा, ड्रोन भाड्याने किती, रात्रीच्या दिव्यांना जनरेटर लागेल का. शेवटी मी विचारलं, काम कोण करणार? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते बघू नंतर." नट नेहमी 'बघू नंतर'च्या यादीत. मी जन्मभर हौशी नाटकं केली, तिथे उलटा रोग होता: नट आधी ठरायचे, नाटक नंतर शोधायचे. तो रोग परवडला.

त्यांना ठाण्याचा प्रसंग दाखवला. हसले, मग हसायचे थांबले. एक मुलगी म्हणाली, "याच्यात तर काहीच होत नाही आणि मला त्याला मारावंसं वाटतंय." बरोबर धरलंन.

१० मार्च, सोमवार

सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ सालच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. सकाळपासून फोनवर फोटो आणि हार येताहेत. मला मात्र दरवर्षी या दिवशी सुषमा देशपांडे आठवतात. 'व्हय, मी सावित्रीबाई' हा त्यांचा एकपात्री प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रभर फिरला. मी तो एका शाळेच्या पटांगणात पाहिला होता. नेपथ्य म्हणावं असं काही नाही. एक बाई, तिची साडी आणि तिचा आवाज. त्या आवाजाने पटांगणातली पोरं गप्प बसवली होती, आणि मागच्या भिंतीवर बसलेले बाप्येसुद्धा.

त्याच बाईंनी २०१७ मध्ये 'अज्जी' केला. दिग्दर्शक देवाशीष मखीजा. चित्रपट आधी बुसानच्या महोत्सवात गेला, मग २४ नोव्हेंबरला आपल्याकडे लागला आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटला. वस्तीतली दहा वर्षांची नात मंदा रात्री घरी येत नाही. सापडते ती कचऱ्याच्या ढिगापाशी. बलात्कार करणारा कोण ते कळतं, तो स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा धावले. पोलीस घरी येतो, त्या पोरीलाच प्रश्न विचारतो, घरच्यांना दमात घेतो आणि प्रकरण मिटवून जातो. आईबाप मान खाली घालतात. आजी घालत नाही. ती शिवणकाम करणारी, गुडघे गेलेली म्हातारी.

आता सूडपट म्हटला की आपल्याला काय ठाऊक? कुणीतरी दंड फुगवतो, मोटारसायकल काढतो. इथे सूड घेणारी बाई उठताना दोन्ही हात मांडीवर टेकते. वैऱ्याच्या मागावर निघते तीसुद्धा अंग एका बाजूला टाकत, भिंतीचा आधार घेत. तो वळून पाहील तर हिला लपता येणार नाही, लपली तर परत उठता येणार नाही. ती अंधारात उभी आहे एवढ्यावर माझा श्वास अडकतो.

अशा मोठ्या आवाजाच्या नटीला मखीजाने जवळजवळ मुकं केलंय. ही हिंमत दिग्दर्शकाची, आणि ते मान्य करण्याची नटीची. एकपात्री करणाऱ्याला सगळ्यात अवघड काय, तर वाक्य न टाकता उभं राहणं. समोर टाळी नाही, हुंदका नाही, नुसती भिंग लावलेली पेटी. सुषमाताईंनी सगळं गुडघ्यांत, बोटांत आणि खालच्या ओठात नेऊन ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

कालचं सगळं कौतुकाचं झालं. आज दुसरी बाजू, नाहीतर रोजनिशी कशाला लिहायची.

'अज्जी'त अभिषेक बॅनर्जीने केलेल्या धावलेचा आणि दुकानातल्या पुतळ्याचा एक प्रसंग आहे. किळस यावी म्हणूनच तो केलाय, आणि ती येते. पण तो संपतच नाही. नटाला वेळ देणं वेगळं, प्रेक्षकाची मान धरून ठेवणं वेगळं. म्हातारीच्या चालण्यात जो वेळ जातो तो तिच्या गुडघ्यांचा. पुतळ्यापाशी जातो तो दिग्दर्शकाचा हट्ट.

दुसरं, जास्त जुनं भांडण. या दिग्दर्शकांच्या गोष्टी पेटायला बाईच्या अंगावरचा अत्याचारच का लागतो? सूडपटांचा हा ठरलेला खुंटा. मखीजासारखा विचार करणारा माणूसही पुन्हा पुन्हा तिथेच दोर बांधतो. 'अज्जी'त निदान सूड घेणारी बाई आहे आणि तिला कुणी शाबासकी देत नाही. तरी खटकतं ते खटकतं.

स्मिता तांबे यात मंदाची आई आहे. काम लहान. पण 'जोगवा'पासून ही नटी लहान कामात कशी रुतून बसते ते पाहत आलेय. मखीजाच्याच २०२३ मधल्या 'जोरम'मध्ये तिची फुलो कर्मा आहे. तिच्या चेहऱ्यावर सूड असा बसलाय की समोरचा आपण गुन्हेगारच असल्यासारखा बोलायला लागतो.

१२ मार्च, बुधवार

दादरला काम होतं. परतीच्या विरार लोकलमध्ये भाईंदरपर्यंत उभी. समोर दोन मुली एकाच फोनवर कसलीतरी मालिका बघत होत्या. त्यात खुनी ओळखू यावा म्हणून दर थोड्या वेळाने संगीत वाजत होतं.

त्याच्या उलट 'अर्धसत्य' (१९८३) आठवला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिग्दर्शक गोविंद निहलानी. सदाशिव अमरापूरकरांचा खलनायक रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत आहे. सगळ्या चित्रपटभर ओम पुरी पेटलेला, आणि रामा शेट्टी निवांत. निहलानींनी अमरापूरकरांना 'हँड्स अप' या मराठी नाटकात पाहिलं होतं. हे आपल्याकडे नवं नाही, एवढंच नोंदवायचं होतं: हिंदीतल्या कमी पैशांच्या, जास्त हिमतीच्या चित्रपटांनी भीतीसाठी मराठी रंगभूमीचं दार फार पूर्वीपासून ठोठावलंय. कारणही साधं आहे. रंगभूमीवर पॉज घ्यायला शिकलेला नट कॅमेऱ्यासमोर रिकामा दिसत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळीचा सण. पुरणपोळ्या, धूर, बोंबा. पाचूबंदराकडून उशिरापर्यंत बँजोचा आवाज येत होता. काही पाहिलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

यंदा गंमत झाली. धुळवड, रमजानमधला जुम्मा आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपवासकाळातला शुक्रवार, सगळं एका दिवशी. आमच्या गल्लीत एका घरी मटण, बाजूच्या घरी भाजी, पलीकडे संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

मटणाच्या रांगेत बराच वेळ उभी होते. खाटीक रोजा धरून होता. पहाटेपासून उभा, घोटभर पाणी नाही, आणि हात चालू. ओंडक्यावर मांडी टाकायची, सुरा सांध्यात शोधत न्यायचा, जोर कुठेच लावायचा नाही. हाड कुठे सुटतं ते बोटांना माहीत. नजर रांगेवर, तोंडाने हिशेब.

'अज्जी'तली आजी खाटकाकडे जाते ती हे शिकायला. तो खाटीक सुधीर पांडे. पहिल्यांदा तिला सुरा पेलवत नाही, चाकात सापडलेल्या काटकीसारखा हात अडतो. मग हळूहळू ती शिकते. हे शिकणं चित्रपटाने घाईत उरकलेलं नाही, म्हणून मी त्याच्या बाकीच्या चुका माफ करते. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेली बाई आहे. कापड कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं हे तिच्या हाताला आधीच कळतं, आता ते हात मांस शिकतात. सुषमाताईंच्या चेहऱ्यावर त्या वेळी क्रौर्य नाही. नवीन काम शिकणाऱ्या माणसाचा चेहरा आहे, जरा चुकलं की जीभ दाताखाली धरणारा. आणि आपल्याला तर ठाऊक आहे हे शिक्षण कशासाठी चाललंय.

शेवट लिहीत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी.

रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "काय बघता एवढं? वजनात मारत नाही तो." काय सांगणार त्यांना!

१६ मार्च, रविवार

मुलांना 'भोसले' दाखवला. अर्ध्यात दोघं उठून गेली, उरलेली शेवटपर्यंत बसली. हा पुन्हा मखीजाचाच, बुसानला २०१८ मध्ये आणि घरोघरी जून २०२० मध्ये, सोनी लिववर, टाळेबंदीच्या दिवसांत पोचलेला. मनोज बाजपेयींना यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, 'असुरन'च्या धनुषबरोबर विभागून.

चाळ, गणपतीचे दिवस. निवृत्त झालेला मुंबई पोलीस गणपत भोसले. सुरुवातीलाच एकीकडे गणपतीची मूर्ती सजते आहे आणि दुसरीकडे हा अंगावरची वर्दी उतरवतो आहे. वर्दीबरोबर त्या माणसाचा सांगाडाच निघून येतो की काय असं वाटतं. पुढे चित्रपटभर तो खांदे पाडून चालतो, दम खात जिने चढतो, बोलत जवळजवळ नाहीच.

भाच्याला १९९८ चा 'सत्या' माहीत होता. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून शहराला ललकारणारा भीकू म्हात्रे तो हाच, हे त्याच्या मित्राला पटेना. हीच तर मौज. भीकू पडदा भरायचा तो अंगातल्या उसळीने. भोसले भरतो तो उसळी आटल्यावर. शिवाय बिहारच्या चंपारणातून आलेला नट मराठी हवालदार होतो, आणि गोष्ट आहे चाळीतल्या मराठी-बिहारी वैराची. यावर कुणी भाषण ठोकत नाही, पण नटाच्या निवडीतच अर्धं बोलणं झालेलं आहे.

मला यात सगळ्यात जास्त टोचला तो संतोष जुवेकरचा विलास. टॅक्सी चालवणारा, पक्षात कुणीतरी व्हायला निघालेला. सगळे संथ, हा एकटाच घाईत. इकडे पळतो, तिकडे साहेबांना सलाम ठोकतो, पोरांना चिथावतो, आणि कुणीच त्याला मोजत नाही. २०१० च्या 'झेंडा'त जुवेकरने अशाच कार्यकर्त्याचं काम केलं होतं. तो भाबडा होता, हा नासलेला आहे, मधली आठ वर्षं त्याच्या तोंडावर दिसतात. पारितोषिकांच्या गर्दीत जुवेकरचं नाव कुणी नीट घेतलं नाही, हा माझ्या मते अन्याय.

तक्रार इथेही आहे. भोसलेचं एकाकीपण दाखवून झाल्यावरही मखीजा ते दाखवत राहतो. आणि शेवटाकडे पुन्हा तोच खुंटा, जो मी मंगळवारी लिहिला.

उठून गेलेल्या दोघांना नंतर विचारलं. एक म्हणाला, "मावशी, स्लो आहे." मी म्हटलं, रमन राघव बघ मग. 'रमन राघव २.०' (२०१६) मध्ये नवाजुद्दीनचा खुनी बहिणीच्या घरी येतो तो प्रसंग लावला. अमृता सुभाष ती बहीण. भाऊ घरात आलाय, घरात नवरा आहे, मुलगा आहे, आणि हा कोण आहे हे फक्त तिला पक्कं माहीत. ती पळू शकते का? स्वतःच्या स्वयंपाकघरातून कुठे पळणार? पाहुणचार करत राहायचं, बस. 'स्लो' म्हणणारा पोरगा मांडीवरची उशी घट्ट धरून बसला होता.

जाधव उठायला तयार नाही, आजीला पळता येत नाही, भोसलेचा दम संपलाय, बहिणीला उंबरा ओलांडता येत नाही. ज्यांच्याकडे गाड्या उडवायला पैसा नाही त्या दिग्दर्शकांनी शोधून काढलेली ही युक्ती आहे: प्रेक्षकाला घाई लावायची आणि नटाला ती नाकारायची. मधल्या फटीत भीती आपोआप शिरते. पण त्यासाठी नट असा लागतो की ज्याच्याकडे काही न घडता बघत बसावं. तो ड्रोनसारखा भाड्याने मिळत नाही.

१८ मार्च, मंगळवार

किल्ल्यातला पाठलाग बारगळला. नवी गोष्ट मुलांनीच काढली: वाडीतली म्हातारी, तिच्या बावखलाची, म्हणजे वाडीतल्या तळ्याची, जागा कुणीतरी रातोरात भरणी टाकून बुजवतोय, ती रोज उठून बघते कोण ते. यात मी एक शब्दही सुचवलेला नाही. पोरांनी वसईतच डोळे उघडले की गोष्टी पडल्यात.

रमेदीकडच्या एका ओळखीच्या वाडीत सकाळी चाचणी घेतली. तिथल्या आजी तयार झाल्या. फोनवरच चित्रीकरण. विहिरीपासून ओट्यापर्यंत कळशी घेऊन यायचं, मध्ये एकदा थांबून बावखलाकडे पाहायचं. पहिल्यांदा छान आल्या. मग भाच्याने दिग्दर्शकपणा केला: "आजी, जरा हळू चाला." आजी म्हणाल्या, "मी हळू नाही चालत रे. मला लागतो तेवढा वेळ लागतो."

दुसऱ्यांदा त्या मुद्दाम हळू आल्या आणि सगळं खोटं झालं. पाय नाटकातल्या म्हातारीसारखे पडायला लागले, कंबर आपोआप वाकली. मी भाच्याला बाजूला घेतलं आणि पहिलंच ठेव म्हटलं. तेवढ्यात आजींनी कळशी खाली टेकवून, कुणी सांगितलं नसताना, बावखलाकडे जे पाहिलं ते मात्र कुणाला टिपता आलं नाही. फोन खिशात गेले होते.

दुपारी आजींच्या मुलाचा फोन. आईने पिक्चरमध्ये काम करायचं नाही, लोक काय म्हणतील, आणि उन्हात तिला काही झालं तर. उन्हाचं त्याचं बरोबर आहे. लोकांचं नाही. पण त्याच्या घरात मी वाद कुठवर घालणार.

२० मार्च, गुरुवार

मुलांना नोटीस लिहून दिली. पारनाक्याला, झेंडा बाजारात आणि होळीवर लावतील. ओळखीपाळखीतून आलं तरी चालेल, म्हणून इथेही उतरवून ठेवते.

लघुपटासाठी साठीपुढची बाई हवी. होळी, रमेदी, पापडी, किल्ला बंदर, कुठलीही चालेल. पूर्वी कधी काम केलेलं असण्याची गरज नाही. संवाद जवळजवळ नाहीत. पळावं लागणार नाही. काम फक्त सकाळी, ऊन चढायच्या आत. जाण्यायेण्याची रिक्षा आणि जेवण आमच्याकडे. घरच्यांची परवानगी विचारायला आम्ही स्वतः येऊ.